सुटी कोणाची?

मार्गशीर्ष संपत आला म्हणजे नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत तीन पंचांगे एकदम चालू होतात. पहिले शेताचे. तुरी काढणीला आलेल्या असतात, हरभऱ्याला घाटे लागू लागतात, ज्वारी पोटरीत असते. दुसरे देवाचे. वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा सुरू होते आणि दुसऱ्या दिवशीच्या अमावास्येला लातूर जिल्हा घरांना कुलपे लावून शेतात जातो. त्या दिवसाला पंचांगवाले वेळा अमावास्या म्हणतात. आमच्या तोंडी ती येळवस. तिसरे पंचांग विद्यापीठाचे. हिवाळी परीक्षा, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, नेट परीक्षेचे डिसेंबर सत्र, आणि संशोधन करणारास दर सत्राला सल्लागार समितीपुढे ठेवावा लागणारा प्रगतीचा अहवाल.

येळवस २०२२ साली २३ डिसेंबरला आली, २०२४ साली ३० डिसेंबरला, २०२५ साली १९ डिसेंबरला. अधिक मासामुळे ती कधी जानेवारीत सरकते, तथापि बहुतेक वर्षी नाताळाच्या अलीकडे-पलीकडेच पडते. युरोपात नाताळाच्या सुटीत जो पेच लहान मुलांच्या शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या आईबापांपुढे उभा राहतो, तोच आपल्याकडे याच आठवड्यात उभा राहतो. विद्यापीठ म्हणते सुटी आहे, आता लिहा. घर म्हणते सुटी आहे, आता घरचे बघा. लेकरू म्हणते सुटी आहे, आता माझ्याशी खेळ. एकाच दिवसावर तिघांचा हक्क, आणि तो दिवस मात्र चोवीस तासांचाच.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. पुस्तके वाचली ती युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून आम्ही कधी चढलो नाही. मग विद्वानांच्या संसारात आम्ही तोंड का घालावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. हा प्रश्न तासांचा आहे. माणसाचे तास किती, ते कोण घेतो आणि त्याचा मोबदला कोणाला मिळतो, हा आमच्या धंद्याचाच विषय आहे.

प्रथम सुटी म्हणजे काय ते पाहू. सुटी ही आकाशातून पडलेली वस्तू नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी साप्ताहिक सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागितली. रविवार हा खंडोबाचा वार, कामगाराला देवदर्शनाला आणि समाजाच्या कामाला मोकळीक हवी, असे त्यांचे म्हणणे असल्याचे सांगतात. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आपण रविवारी दाराला कडी लावून दुपारी पडतो, त्यामागे एवढा इतिहास आहे.

परंतु एक प्रश्न त्या वेळी सुटला नाही आणि आजही सुटलेला नाही. सभेत भाषण करून घरी गेलेल्या त्या दोन बायांना रविवारी सुटी मिळाली काय? गिरणीची मिळाली. चुलीची मिळाली नसावी. नवऱ्याच्या सुटीचा दिवस हा बायकोच्या जादा कामाचा दिवस होतो. चार माणसे घरी जेवायला असतात, पाव्हणे येतात, लेकरे दिवसभर पायात घुटमळतात. कारखान्यात जादा तासांना जादा दर मागता येतो. चुलीपुढे तो कोणाकडे मागायचा?

येळवसीचेच उदाहरण घ्या. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुटी असते. शहराचे रस्ते संचारबंदी लागल्यासारखे ओस पडतात. शेतात कडब्याची कोप उभी राहते, तीत चुन्याने रंगवलेले पांडव मांडतात, पूजा होते, आणि ज्याला शेत नाही त्यालाही आग्रहाने बोलावून जेवू घालतात. जात, पक्ष, श्रीमंती यांचा त्या दिवशी जेवढा विसर पडतो तेवढा वर्षात क्वचितच पडत असेल. आम्हांला हा सण फार प्रिय आहे. म्हणूनच त्याचा हिशेब मांडताना हात आखडता घेणे बरे नव्हे.

आंबील आदल्या दिवशी लावावी लागते. भज्जीसाठी पालेभाज्या निवडणे, शेंगा सोलणे, डाळी-दाणे भिजवणे हे दोन दिवस चालते. उंडे आहेत, गव्हाची खीर आहे. पहाटे तीनला चूल पेटते तेव्हा कुठे नऊ वाजता बिंदगे डोक्यावर घेऊन माणसे शेताकडे निघतात. तिथे वाढणे, पुन्हा वाढणे, भांडी गोळा करणे, पेंगुळलेले पोर खांद्यावर टाकून तिन्हीसांजेला परतणे. आता कल्पना करा की हे करणारी बाई अहमदपूरच्या किंवा चाकूरच्या घरातली सून आहे, महाविद्यालयात शिकवते, तिला एक तीन वर्षांचे आणि एक सात महिन्यांचे लेकरू आहे, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिला नांदेडच्या विष्णुपुरीला विद्यापीठात प्रबंधाची प्रगती दाखवायची आहे. अशा भगिनी आमच्या कचेरीत येतात. त्या येतात पगाराची तक्रार घेऊन, आणि बोलता बोलता या आठवड्यावर येतात.

या भगिनी आपल्याकडे नव्या आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. निजामाच्या राजवटीत पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले, आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. विद्यापीठ जसजसे जवळ आले, तसतशी घर न सोडता शिकण्याची सोय झाली, आणि सासरी नांदणारी, लेकराबाळांची बाईही संशोधनाला नाव नोंदवू लागली. ही मोठी गोष्ट झाली. परंतु ‘घर न सोडता’ या दोन-तीन शब्दांतच सगळी ग्यानबाची मेख आहे. हैदराबादला गेलेल्या विद्यार्थ्याचे घर मागे राहत असे. या बाईचे घर तिच्या टेबलावर, वहीच्या शेजारी बसलेले असते.

आता या दोन कामांचा स्वभाव पाहू. अभ्यासाचे काम कसे असते, ते आम्हांला मागावरून समजले. सुताचा धागा तुटला की साचा थांबतो. धागा सांधायला क्षणभर लागतो, पण दर पाच मिनिटाला धागा तुटू लागला तर दिवसअखेर कापड निघत नाही. कामगार दिवसभर उभा असतो तो असतोच. लिहिण्याचे तसेच आहे. चार तास सलग मिळाले तर एक प्रकरण पुढे सरकते. तेच चार तास पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करून दिले तर प्रत्येक वेळी कालचे कुठे राहिले होते हे आठवण्यातच तुकडा संपतो. म्हणून “सुटीत तुला वेळ होताच की” हे वाक्य अर्धेच खरे आहे. वेळ होता, पण तो सुटा होता. मोड म्हणून मिळालेल्या पैशाने कोणी म्हैस विकत घेत नाही.

लेकराचे काम याच्या उलट. ते तुकड्यातुकड्यांचेच असते, परंतु पुढे ढकलता येत नाही. भूक लागली ती आता लागली. ताप आला तो आता आला. सात महिन्यांच्या मुलाला “अमावास्येनंतर बघू” असे सांगण्याची सोय नाही. आणि इथेच सारा न्याय-अन्याय ठरतो. एक काम थांबू शकत नाही आणि एक थांबू शकते, अशी दोन कामे एका माणसाच्या गळ्यात बांधली, तर दर वेळी थांबू शकणारेच थांबणार. पोर रडते, प्रबंध रडत नाही. आंबील आज लागली नाही तर उद्या दहा माणसे विचारतील; तिसरे प्रकरण आज झाले नाही तर कोणी विचारणार नाही. सहा महिन्यांनी विचारतील, आणि तेव्हा म्हणतील की बाईंचे अभ्यासात लक्ष नाही. ज्याला आळस म्हणतात, तो बहुधा असा साठत गेलेल्या सुट्यांचा ढीग असतो.

मग हा भार घरात कसा वाटला जातो? सरकारच्याच सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. जी माणसे घरकाम करतात त्यांचा सरासरी वेळ काढला, तेव्हा बायांचा दिवसाला २९९ मिनिटे भरला आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. म्हणजे बाईचे पाच तास, बाप्याचा दीड तासाहून थोडा अधिक. आणि हा दीड तास फक्त करणाऱ्या पुरुषांचा, न करणारे त्यात धरलेलेच नाहीत. २०२४ च्या पाहणीत १५ ते ५९ वर्षांच्या ज्या बाया घरातल्यांची देखभाल करतात त्यांचा त्यात दिवसाला १४० मिनिटे वेळ जातो असे आढळले, पुरुषांचा ७४ मिनिटे. अशी देखभाल करणाऱ्या बाया शेकडा ४१, पुरुष शेकडा २१. एकाच विभागात दोन खुर्च्यांवर बसणाऱ्या दोन प्राध्यापकांपैकी एकाला सुटीत निबंध लिहून होतो आणि दुसरीला होत नाही, याचे कारण बुद्धीत शोधण्याआधी या मिनिटांत शोधावे.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची गत आणखी निराळी. त्यांना जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. सुटी लागली की तास बंद, आणि तास बंद की पैसे बंद. ज्याला महिन्याचा पगार आहे त्याची सुटी भरपगारी. यांची सुटी म्हणजे बेकारीचा आठवडा. सणाचा खर्च मात्र दोघांनाही सारखाच. अशी बाई सुटीत शिकवण्या धरते, आणि प्रबंधाचा उरलासुरला वेळही त्यात जातो.

कोणी म्हणेल, यावर उपाय आहे. बाई लावावी, किंवा सासूबाईंकडे द्यावे. या उपायाकडे आम्ही जरा बारकाईने पाहतो. धुणेभांडी आणि मूल सांभाळायला जी बाई येते, तिलाही येळवस असते. तिचेही लेकरू कोठे तरी असते, बहुधा त्याच्या आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. तिला सणाच्या दिवशी बोलावून, रजेचा पगार न देता, आपला प्रबंध पुरा करणे म्हणजे ओझे उतरवणे झाले नाही; ते दुसऱ्या बाईच्या डोक्यावर चढवणे झाले. सासूबाई तर बोलूनचालून बिनपगारी. त्यांचे गुडघे दुखतात हे प्रबंधाच्या ऋणनिर्देशात कोणी लिहीत नाही. अंगणवाडीची तीच कथा. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. गावोगावची लेकरे ज्यांनी वाढवली त्या सेविकांना आणि मदतनिसांना इतकी वर्षे पगार नाही, मानधन मिळते. त्यांना उपदानाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले. एकीची सुटी दुसरीच्या रजेतून कापून घ्यायची नाही, हा नियम आम्ही पहिल्याने मांडतो.

कायदा काय देतो, तेही पाहून ठेवावे; पुष्कळ जणींना ते ठाऊकच नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपनाची रजा दिली, आणि २०२२ च्या विनियमांनी ती कायम ठेवली. प्रबंधाची मुदत प्रवेशापासून सहा वर्षे. पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन, अशी एकूण दहा वर्षांपर्यंत. ही रजा मागताना कोणी मार्गदर्शक नाक मुरडू लागला, तर विनियमाची प्रत पुढे ठेवावी. हक्काला आर्जव लागत नाही. नोकरीतल्या स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ ऐवजी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, आणि ५० किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी आली. या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या.

या तरतुदींत दोन भोके आहेत. पहिले हे की संशोधक विद्यार्थिनी ही नोकर नाही. पाळणाघरासाठी डोकी मोजतात तेव्हा तिचे डोके धरत नाहीत. दुसरे भोक बापाचे. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली ती स्त्री कर्मचाऱ्यांना. पुरुषाला ती केव्हा? पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळली असेल, तर. बाप होण्यासाठी बाईने आधी मरावे किंवा आजारी पडावे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. कायदा करणाऱ्यांनी हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. जे घराघरांत चालते तेच कागदावर उतरले, एवढेच.

यावर वाट नाही असे मात्र नाही, आणि ती आपल्याच महाराष्ट्रात एकदा चालून झालेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात, बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे, आदिवासी मुलांसाठी काम आरंभले. मुली शाळेत का येत नाहीत हे त्यांनी पाहिले, तेव्हा कारण सापडले ते कडेवर. घरचे लहान भावंड सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, आणि त्यांची बहीण शाळेत. शिकणारीला शिकवायचे असेल तर तिच्या कडेवरचे मूल आधी कोणी तरी घेतले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. जे कोसबाडच्या टेकडीवर झाले ते विष्णुपुरीच्या माळावर व्हायला कोणती अडचण आहे?

दुसरे उदाहरण दूरचे. आपल्याकडे अंगणवाडी सुरू झाली त्याच महिन्यात, २४ ऑक्टोबर १९७५ रोजी, आइसलंड या चिमुकल्या देशात शेकडा ९० बायांनी एक दिवस कामबंद केले. कचेरीतले आणि घरातलेही. बाप लेकरांना घेऊन कामावर गेले. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने स्त्रीपुरुष समतेचा कायदा केला. एका दिवसात त्या देशाला कळले की आपला कारभार कोणाच्या बिनपगारी तासांवर उभा आहे. आमच्या भगिनींनी येळवसीला आंबील न लावता बसावे, असे आम्ही सुचवत नाही. सण सगळ्यांचा आहे आणि तो राहावा. परंतु भज्जीच्या शेंगा सोलायला घरातल्या पुरुषांनी बसावे, एवढे सुचवायला देश चिमुकला असण्याची गरज नाही.

तेव्हा मागण्या कोणत्या? घराकडे एक. सुटीच्या आधीच्या रविवारी नवराबायकोने कागद घेऊन बसावे आणि सुटीचे तास मांडावेत. त्यात शिकणाऱ्याला सलग चार तासांचे निदान चार तुकडे मिळाले पाहिजेत. त्या वेळी लेकरू दुसऱ्याकडे, पूर्णपणे, मध्येच “याचे झबले कुठे आहे?” असे विचारत आत यायचे नाही. झबले कुठे आहे हे ठाऊक असणे हाही कामाचाच भाग आहे. उरलेल्या वेळी वही बंद आणि लेकराला खरा वेळ; कारण अर्धे डोळे कागदावर ठेवून केलेला लाड लेकराला लगेच ओळखू येतो.

विद्यापीठाकडे तीन. येळवस, माळेगाव आणि नाताळ यांच्या पुढेमागे आठवडाभर अहवालाची आणि उत्तरपत्रिकांची अखेरची तारीख ठेवू नये. तारखा पंचांगात वर्षभर आधी छापलेल्या असतात. विष्णुपुरीला आणि लातूरला पाळणाघर चालवावे, संशोधक, तासिकावाले आणि सफाई कामगार या सर्वांच्या मुलांसाठी एकच, आणि तिथल्या सेविकांना रीतसर पगार व भरपगारी सणाची सुटी द्यावी. तिसरी, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना सुटीच्या काळाचे वेतन मिळावे.

सरकारकडे एक. बालसंगोपनाची रजा बापालाही, पत्नी धडधाकट असताना, मिळावी.

यांत अशक्य काय आहे? १८९० साली रविवारही अशक्यच वाटत होता. मालक म्हणत असतील, साचे थांबले तर धंदा बुडेल. साचे थांबले, धंदा बुडाला नाही. आणि आज रविवारी काम सांगणाऱ्याकडेच लोक चमकून पाहतात. सुटी अर्धी मिळाली आहे. उरलेली अर्धी घराच्या आत आहे, आणि ती मिळवायला मोर्चा फार लांब न्यावा लागणार नाही.